सांगाड्याला गुण आला

जुन्या उबवणी केंद्रासमोर त्या हिवाळ्यात रोज सकाळी रांग लागायची. पूर्वी तिथे कोंबडीची अंडी उबवून पिल्लं काढत. केंद्र बुडालं, पिल्लं गेली आणि आता माणसं येऊ लागली. मफलर गुंडाळलेली, तोंडातून वाफा सोडणारी, 'तुमचं काय?', 'आमचं फुप्फुस', 'आमची किडनी', असं भाजीचा भाव विचारावा तसं एकमेकांना विचारणारी. कुणी म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून आणलेलं, कुणी हातगाडीवर गादी टाकून बायकोला. आणि बऱ्याच जणांच्या छातीशी एक कुंडी, तिच्यावर शाल. तान्ह्या मुलालाही इतकं जपून कुणी थंडीतून आणत नाही.

दार उघडलं की गर्दी आत लोटायची आणि आत पाऊल पडताच सगळ्यांचे खांदे एकदम सैल व्हायचे. बाहेर बोटं वळेनाशी करणारा गारठा, आत उन्हाळ्यातल्या सकाळसारखी दमट ऊब. समोर उंच खुर्चीवर माई. पांढरा स्वेटर, पांढरी शाल, चेहरा मऊ, आवाज त्याहून मऊ. त्यांच्या मागे फळ्याफळ्यांवर झाडं मांडलेली. लांब हिरवी पानं, पानाच्या टोकातून निघालेली दोरीसारखी शेपटी आणि त्या शेपटीला लटकलेली एकेक इवलीशी सुरई. लालसर ठिपक्यांची. वर झाकणसुद्धा.

"ऊब लागली ना अंगाला?" माई विचारायच्या. "ती माझी नाही बरं. तुमच्याच प्राणांची आहे. बाहेर तुम्ही ती सांडत फिरता, मी इथे गोळा करून ठेवते."

लोक माना डोलवायचे. प्राण सांडतात कसे आणि ते गोळा कुठल्या भांड्यात करतात, असा प्रश्न कुणाला पडत नसे. पडलाच तर तो त्या उबेत विरघळून जात असे.

त्या दिवशी बेकरीवाला पुढे झाला. मूत्रपिंडाच्या आजाराने त्याची आई अंथरुणाला खिळली होती. त्याने कुंडीवरची शाल काढली. झाड नेलं तेव्हा सुरईचं झाकण घट्ट मिटलेलं होतं, आता ते उघडलं होतं. आम्ही आत थेंबभर पाणी घातलेलं नाही, असं तो शपथेवर सांगू लागला. माईंनी सुरई हळूच कलती केली. तळहातावर पाणी ओघळलं. स्वच्छ, किंचित चिकट.

"हा तुझ्या आईचा आजार," त्या म्हणाल्या. "घटानं ओढून घेतला. याचं नाव उगाच प्राणघट नाही."

बेकरीवाल्याच्या डोळ्यांना धार लागली. मागून कुणीतरी हुंदका दिला आणि मग सगळा हॉलच गदगदला.

गर्दीत शाळेतल्या विज्ञानाच्या बाई उभ्या होत्या. आत आल्या तसा त्यांचा चष्मा वाफेने आंधळा झाला होता. तो पुसून परत डोळ्यांवर चढवला, तेव्हा त्यांना झाडांच्या आधी भिंतीलगतचे जाड नळ दिसले, नळावरची काटा थरथरणारी तबकडी दिसली आणि दाराला लावलेले दुहेरी पडदे दिसले. उबवणी केंद्र बुडालं असेल, पण उबवणी काही थांबलेली नव्हती.

त्यांनी शेजारी पाहिलं. त्यांची थोरली बहीण हात जोडून उभी होती आणि तिच्या खांद्यावर भार टाकून भावोजी. दोघांच्याही चेहऱ्यावर असं समाधान होतं, की बाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

साऱ्या गावाच्या त्या 'बाई' असल्या, तरी ताईची ती 'छोटी'. आई लवकर गेली. ताईने आपलं शिक्षण अर्ध्यावर सोडून हिचं पुरं केलं. वह्यापुस्तकं, परगावचं कॉलेज, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला नेसायची साडी, सगळं ताईने पाहिलं. त्यामुळे जगात कुणाशीही वाद घालणाऱ्या बाई ताईपुढे मात्र अर्धं वाक्य बोलून गप्प होत.

भावोजी शिंपी होते. गाव त्यांना मास्टर म्हणे. त्यांच्यासारखा कोट शिवणारा दुसरा नव्हता. माप घेताना ते गिऱ्हाईकाच्या पोटाकडे पाहून गंभीरपणे म्हणत, 'साहेब, कापड कमी पडणार नाही, पण टेप कमी पडतेय.' खाली दुकान, वर दोन खोल्या. मागल्या वर्षी खोकला लागला तो हटेना. मग रुमालात रक्त आलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी थुंकी तपासली आणि क्षय असल्याचं सांगितलं. घाबरू नका, हा बरा होणारा आजार आहे, पण गोळ्या महिनोन् महिने घ्याव्या लागतील, बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत आणि खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

दोन महिन्यांत ताप गेला, वजन भरलं, भावोजी पुन्हा मशीनवर बसू लागले. पण गोळ्यांनी पोटात डोंब उसळे. सकाळी गोळ्या घ्यायच्या आणि तासभर मोरीत ओकत बसायचं. लघवी नारिंगी होई, ती बघून त्यांचा धीर सुटे. अशातच बेकरीवाल्याने माईंची वाट दाखवली.

माईंनी झाड दिलं आणि नेम सांगितले. घट आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचा. खिडक्या बंद. शेजारी विजेचा दिवा दिवसभर लावायचा. शेगडीवर पाण्याचं पातेलं मंद वाफ काढत राहिलं पाहिजे. घटाला गार पाणी घालायचं नाही, कोमट घालायचं. रात्री खोली थंड पडली, तर प्राण घटातून निघून जातील. औषधाबद्दल मात्र माई मोठ्या सावध होत्या. औषध बंद करा, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "एका खोलीत दोन वैद्य भांडत बसले, तर रोग्याचं काय होणार? कुणाला ठेवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

ताईने ठरवलं. म्हणजे लगेच नाही. आधी तिने वाट पाहिली. झाडाला नवं पान फुटलं, पानाच्या टोकाला बी फुगावं तशी सुरई फुगू लागली, तिला रंग चढला आणि एका सकाळी तिचं झाकण उघडलं. आत पाणी. ताईने भावोजींना हलवून उठवलं, दाखवलं. ते हसले. किती तरी दिवसांनी त्या घरात कुणी हसलं होतं. त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा माळ्यावर गेला.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या तडक ताईकडे गेल्या. जिना चढतानाच त्यांना घुसमटल्यासारखं झालं. खोलीत ओल्या पोत्याचा वास, काचांवरून पाणी ओघळतंय, दिवा जळतोय, पातेलं खदखदतंय आणि त्या सगळ्यात भावोजी खोकतायत. कोपऱ्यात त्यांची सोळा वर्षांची मुलगी चिमणी अभ्यासाला बसलेली. बाई म्हणाल्या, निदान खिडकी तरी उघड, पोरगी याच हवेत श्वास घेते. ताईने नकार दिला. बाईंनी जंतू, फुप्फुस, अर्धवट उपचार, सगळं समजावलं. ताई झाडाची पानं ओल्या फडक्याने पुसत ऐकत राहिली.

"छोटी," ती शेवटी म्हणाली, "तुझं सगळं खरं असेल. पण माझ्या डोळ्यांसमोर झाड वाढतंय. तुझं पुस्तक मला असं काही वाढताना दाखवतं का?"

बाई परत आल्या त्या हाच प्रश्न घेऊन. ताईला पुस्तक नको होतं, वाढणारं काहीतरी हवं होतं. बरं, तर मग तेच दाखवू.

झाड त्यांनी ओळखलं होतं. घटपर्णी. उष्ण, दमट रानातली वनस्पती. मातीत पोषण कमी मिळतं म्हणून पानाच्या टोकाला सुरई करते आणि तिच्यात मुंग्या-माश्या पकडून पचवते. सुरईतलं पाणी झाड स्वतःच तयार करतं, तेही झाकण उघडायच्या आधी. हिच्या काही जाती थंड डोंगरांवरच्या असतात, त्यांना रात्री गारवा लागतो. माईंची झाडं मात्र सखल रानातली होती. त्यांना दिवसा चांगली ऊब हवी, रात्रीही पारा विसाच्या खाली नको आणि हवेत भरपूर ओल हवी. हे मिळालं तर सुरया धरतात, नाही मिळालं तर आधी सुरया वाळतात, मग पानं. वाचता वाचता बाई थांबल्या. बंद खिडक्या. दिवा. वाफ. कोमट पाणी. यातला एकही नेम आजाऱ्यासाठी नव्हता. सगळेच्या सगळे झाडासाठी होते.

मग त्यांना आणखी एक गोष्ट उमगली. आजारी माणसाची खोली लोक एरवीही उबदार, बंद ठेवतात. म्हणजे माणूस जितका जास्त आजारी, तितकी झाडाची चैन जास्त.

गावात एका गवंड्याचं झाड वाळलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यालाही क्षय. पत्र्याच्या खोलीत राहायचा, फटींतून वारं यायचं. झाड आठवडाभरात काळं पडलं. घरात कुणीतरी शंका घेतंय, असं माईंनी हळहळून सांगितलं आणि शेजारपाजाऱ्यांनी ते 'कुणीतरी' शोधून काढायला वेळ लावला नाही. गवंड्याच्या बायकोला इतकं टोचलं, की ती माहेरी निघून गेली. गवंड्याला घटानेच टाकलं म्हटल्यावर त्याच्यापुढे दुसरा रस्ता उरला नाही. तो मुकाट्याने दवाखान्यात गेला, गोळ्या गिळत राहिला आणि आता पुन्हा भिंती बांधत होता.

बाई त्याच्याकडे गेल्या. चारचौघांत येऊन एवढंच सांग, अशी विनवणी केली. त्याने मान हलवली. लोक मला घटानं टाकलेला माणूस म्हणतात, त्यात आणखी भर नको, म्हणाला. बायको परत यायची आहे अजून. झाड मात्र त्याने देऊन टाकलं. खोडाशी एक हिरवा डोळा तेवढा शिल्लक होता.

दुसरं झाड बाईंनी स्वतः मिळवलं. रांगेत उभ्या राहिल्या आणि माईंसमोर जमेल तितकं खोकल्या. खोकला अगदीच हौशी होता. पण माईंनी डोळे मिटले, बाईंच्या पाठीवर हात ठेवला आणि आजार खोलवर रुजलेला असल्याचं निदान केलं. सुरयांनी लगडलेलं, टवटवीत झाड बाईंच्या हाती आलं.

ते टवटवीत झाड त्यांनी शिक्षकांच्या खोलीतल्या उघड्या खिडकीत ठेवलं. तिथे शिक्षक दिवसभर कोट घालून बसत. गवंड्याचं मरणपंथाला लागलेलं झाड त्यांनी प्रयोगशाळेत नेलं, माशांच्या रिकाम्या काचपेटीत ठेवलं, वर दिवा लावला, खाली कोमट पाण्याचं ताट ठेवलं, आत तापमापक टांगला. आणि पेटीशेजारी, नेमाप्रमाणे, रोगी बसवला. जीवशास्त्राच्या तासाला वापरायचा प्लास्टिकचा सांगाडा. हेडसर पाहून गेले. रोगी दगावला तर शाळेवर येईल, एवढंच म्हणाले.

झाडाला वेळ लागतो. खिडकीतल्या झाडाच्या सुरया तपकिरी होऊन मिटत गेल्या, पेटीतल्या खोडाला मात्र पान फुटायलाच कितीतरी दिवस लागले. दरम्यान बाई ताईकडे जातच होत्या. भावोजींना परत ताप येऊ लागला होता. त्यांनी मशीन सोडलं, मग जिना सोडला. उशाशी झाड मात्र असं माजलं होतं, की त्याला काठीचा आधार द्यावा लागला. बाईंनी एकदा दवाखान्यातल्या डॉक्टरांना घरी आणलं. ताईने त्यांना चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि दारापर्यंत पोचवलं. भावोजींनी तर त्यांना सुरया मोजून दाखवल्या.

अखेर प्रयोगशाळेतल्या सुरईचं झाकण उघडलं. आत पाणी. बाईंनी त्याच सकाळी शाळेची हातगाडी मागून घेतली.

उबवणी केंद्रात त्यांनी गाडी थेट पुढे नेली. रोग्यावर चादर होती. लोकांनी वाट करून दिली. ताई पहिल्याच रांगेत होती, मांडीवर आपली कुंडी घेऊन.

"माई, एक रोगी आणलाय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चादर ओढली.

मफलर गुंडाळलेला सांगाडा पाहून आधी पोरं हसली, मग मोठीही हसली. माई हसल्या नाहीत. याला काय होतंय, असं त्यांनी शांतपणे विचारलं.

"फार जुनं दुखणं आहे. छातीत काही उरलेलंच नाही. पण तुमच्या घटानं गुण दिला." बाईंनी काचपेटीतलं झाड उंच धरलं. "मेलेलं झाड याच्या शेजारी जगलं, झाकण उघडलं, आत पाणी आहे. याच्या कुठल्या अवयवातून आलं ते तुम्हीच सांगा. आणि हे दुसरं झाड तुम्ही मला दिलेलं. पार वाळलं. म्हणजे हा बरा झाला आणि मी मेले."

पुन्हा हशा पिकला. बाईंनी संधी साधली. त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. झाड कुठलं, त्याला किती ऊब लागते, सुरईतलं पाणी कुठून येतं. भिंतीवरचे नळ दाखवले, तबकडी दाखवली. तापमापक आधी हॉलमध्ये धरला, मग दाराबाहेर नेऊन धरला, मग पहिल्या रांगेतल्या लोकांच्या हाती दिला. खिडक्या झाडासाठी बंद आहेत, खोकणाऱ्या माणसाला मात्र त्या उघड्या हव्यात, हेही सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "झाडाला आजारी माणूस कळत नाही. त्याला फक्त तापमान कळतं. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका. ज्यांनी सोडल्या असतील त्यांनी आज, इथूनच दवाखान्यात जा."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. बाईंना वाटलं, जमलं.

माई खुर्चीवरून उतरल्या. सांगाड्याजवळ गेल्या आणि त्याचा हात हातात घेतला.

"बाई शिकलेल्या आहेत," त्या म्हणाल्या. "आणि बोलल्या ते अगदी खरं. ऊब दिली की घट जगतो. मी तरी वेगळं काय सांगते? ऊब द्या, एवढंच ना? आता बघा, या बाईंनी निर्जीव हाडांना इतके दिवस ऊब दिली. दिवा लावला, पाणी बदललं, रोज येऊन पाहिलं. केवढी माया." मग त्यांनी ताईकडे पाहिलं. "तेवढी सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला दिली असती, तर आज तो आपल्या पायांनी चालत आला असता."

हॉल एका क्षणात फिरला. बाईंनी कुठे तरी माईंचं ऐकलंच की, असं एक म्हातारी म्हणाली. बाईंचं झाड वाळलं, कारण त्यांच्यात श्रद्धा नव्हती, असं आणखी कुणी म्हणालं. मग सांगाड्यात होती का, असं बाईंनी विचारलं, पण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. ताई मान खाली घालून बसली होती. तिने कुंडीवर शाल नीट ओढून घेतली.

बाई गाडी ढकलत बाहेर आल्या. मागून बेकरीवाला धावत आला. बाईंना क्षणभर बरं वाटलं, एक तरी माणूस निघाला. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "बाई, पारा विसाच्या खाली नको म्हणालात, ते रात्रीसुद्धा का? आमचं झाड हल्ली जरा मलूल दिसतंय."

"रात्रीसुद्धा," बाई म्हणाल्या. "आणि आईची औषधं?"

पण तो आभार मानून निघूनही गेला होता.

पुढे तर आणखी कमाल झाली. उबवणी केंद्रातून मिळणाऱ्या प्रत्येक कुंडीला आता एक तापमापक लटकवलेला असे. माईंनी त्याला प्राणमापक नाव दिलं. पारा अमुक रेघेच्या वर ठेवायचा, हा नवा नेम झाला. त्यामुळे झाडं वाळायचं प्रमाण खूपच कमी झालं, घरोघर झाकणं उघडू लागली, रांग रस्त्याच्या वळणापर्यंत गेली. सांगाड्याला गुण आल्याची हकिगत परगावी पोचली, त्यातून बाई गळाल्या आणि माई तेवढ्या उरल्या. बाई अंधश्रद्धेला टाचणी लावायला गेल्या आणि तिला ठिगळ लावून आल्या.

भावोजी हिवाळा संपता संपता गेले. शेवटी शेवटी त्यांना उचलून दवाखान्यात नेलं होतं. अर्धवट सोडलेल्या औषधांना जंतू दाद देईनासे होतात, ते तसेच झाले असावेत, आता आमच्या हाती फार काही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी कुणाला दोष दिला नाही. बाईंना वाटलं, दिला असता तर बरं झालं असतं.

तेराव्यानंतर बाई ताईकडे गेल्या. मशीनवर कापड पांघरलेलं होतं. झाड तिथेच होतं, भरभरून सुरया लागलेलं. माईंचा निरोप आला होता, की ते झाड केंद्रात आणून द्यावं. मास्टरांनी डॉक्टरांच्या हिशेबापेक्षा जास्त दिवस काढले, ते या घटामुळे, असं त्या लोकांना दाखवणार होत्या. डॉक्टरांनी तर ते पूर्ण बरे होतील असा हिशेब केला होता, पण ते आता कोण कुणाला सांगणार.

ताई आपणहून बोलली.

"मला त्या दिवशी कळलं होतं, छोटी. तू सांगाडा आणलास ना, तेव्हाच. सगळं कळलं."

"मग तू काहीच का केलं नाहीस?"

"गोळ्या घेतल्या की ते ओकायचे. रडायचे. माझ्याकडे असं बघायचे, जसं काही मीच मारतेय त्यांना. झाडासमोर हसायचे." ती झाडाकडे पाहत होती. "आणि गोळ्या सोडून इतके दिवस झाले होते. तू म्हणालीस ते खरं मानलं असतं, तर आपण काय करून बसलो, तेही खरं मानावं लागलं असतं. ते मला झेपलं नसतं. अजून झेपत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीत चिमणी खोकली. कोरडा, तुटक खोकला. ताईने बाईंकडे पाहिलं नाही. कधीपासून, असं बाईंनी विचारलं. महिना झाला असेल, ताई म्हणाली. थंडीचा आहे.

बाईंनी त्याच पावली पोरीला दवाखान्यात नेलं. थुंकी तपासली. जे यायचं तेच आलं. बापाचेच जंतू असतील तर साध्या गोळ्या पुरणार नाहीत, आणखी तपासण्या कराव्या लागतील, उपचार लांबेल आणि सोपा नसेल, असं डॉक्टर म्हणाल्या. बाहेर बाकावर चिमणीने मावशीचा हात धरला.

"मावशी, मी बरी होईन ना?"

बाईंनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, की जे माहीत नाही ते माहीत आहे असं म्हणू नये. तो नियम त्यांना इतका जड कधी गेला नव्हता.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "गोळ्या घेतल्यास तर बरी होण्याची शक्यता आहे. न घेतल्यास ती नाही. पोट जळेल, ओकाऱ्या होतील, कंटाळा येईल. मी रोज येईन आणि समोर बसून गोळ्या घ्यायला लावीन. तू माझ्यावर चिडशील."

चिमणी म्हणाली, "बाबांना असं कुणी सांगितलं नाही."

सांगितलं होतं. डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. पण बाईंनी ते पोरीला ऐकवलं नाही.

ताईने झाड केंद्रात पोचतं केलं. ते आजही तिथे मधल्या फळीवर आहे आणि लोक त्याच्यापुढे हात जोडतात. झाडाचा त्यात काही दोष नाही. त्याला हवी ती ऊब मिळाली, ते वाढलं. चिमणीचा उपचार चालू आहे. तिचं काय होईल, हे लिहिताना ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचं सोंग इथे करायचं नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला टिकला, तर थुंकी तपासून घ्या. गोळ्या सुरू झाल्या तर संपेपर्यंत घ्या, बरं वाटू लागल्यावर तर नक्कीच घ्या. त्यांचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यावर उपाय असतो. खोलीच्या खिडक्या उघडा. आणि घरात एखादं झाड भरभरून वाढलं, तर खोली झाडाला मानवली, इतकंच समजा. माणसाला काय मानवतं, ते माणसालाच तपासून ठरवावं लागतं.